ताईचा सीआरपी

लॅबमध्ये मला फॉर्मबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या लॅबची भिंत प्लायवुडची आहे आणि माझे कान अजून शाबूत आहेत. म्हणोत बापडे. सत्तावीस वर्षं मी हॉस्पिटलच्या या खिडकीशी रक्ताच्या नळ्या घेत बसलेय आणि सत्तावीस वर्षं एकच गोष्ट घसा फोडून सांगतेय की नळीबरोबर फॉर्म पाठवा आणि तो पूर्ण भरून पाठवा. नाव, वय, वॉर्ड, आजार, आणि सगळ्यात खाली 'चालू औषधे'. ही शेवटची ओळ कोणी भरेल तर शपथ. भरलीच तर तिथे 'हो' असं लिहितात. चालू औषधे: हो. आता यातून मी काय डोंबल समजायचं?

मग मी नळी परत पाठवते. वॉर्डातले मामा दोन जिने उतरून आलेले असतात, ते पुन्हा दोन जिने चढतात आणि चढताना माझा उद्धार करतात. डॉक्टर फोनवर आवाज चढवतात. मी म्हणते, आवाज चढवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ती ओळ भरून झाली असती. माझ्यावर कोणाचं फारसं प्रेम नाही, हे मला माहीत आहे.

हे सगळं आधीच सांगून टाकतेय, कारण पुढे जे झालं ते माझ्या हातून झालं. दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. शिवणकाम करते. घराचा पुढचा खोलीएवढा भाग म्हणजे तिचं दुकान: एक मशीन, एक मोठं कटिंगचं टेबल, आणि शाळांच्या शर्टांचे ढीग. काजं ती हाताने करते. मशीनवरचं काज दोन धुण्यांत उसवतं, असं तिचं ठाम मत आहे, आणि या मतापुढे भल्याभल्यांनी हात टेकलेत. अशा बाईच्या बोटांनाच संधिवात व्हावा, याला काय म्हणायचं? अकरा वर्षं. आधी सकाळी बोटं आखडायची आणि दुपारपर्यंत सुटायची, मग संध्याकाळपर्यंत, मग सुटेनाशीच झाली. आंगठा तळव्याशी चिकटून बसला. केस विंचरायला मी, ब्लाउजचे हूक लावायला नवरा. मशीनवर तिने चादर घातली आणि ती काढायची नाही अशी घरात सगळ्यांना ताकीद दिली.

आता याचं कारण सांगते. पाठ झालंय मला, कारण घरात प्रत्येकाला चार चार वेळा सांगावं लागलंय. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. हे निरोप म्हणजे छोटी छोटी प्रथिनं. कुठे जंतू शिरले की तिथल्या पेशी हे निरोप सोडतात. त्यातलं एक इंटरल्यूकिन सहा. आम्ही लॅबमध्ये नुसतं सहा नंबर म्हणतो. सहा नंबर मेंदूपर्यंत पोचला की ताप चढतो. यकृतापर्यंत पोचला की यकृत सीआरपी नावाचं दुसरं प्रथिन भराभरा बनवायला घेतं, आणि ते आम्ही रक्तात मोजतो. सीआरपी वाढला म्हणजे कुठेतरी काहीतरी बिनसलंय. इतकी चोख व्यवस्था. पण ताईच्या सांध्यांत कोणीही शिरलेलं नसताना हे निरोप सुटत होते. घरात कोणी नसताना चोर चोर म्हणून बोंब मारावी आणि गल्लीतल्या लोकांनी धावत येऊन घरातलंच सामान फोडावं, तसं चाललं होतं अकरा वर्षं.

दोन वर्षांपूर्वी तिला ते इंजेक्शन सुरू झालं. आठवड्यातून एकदा मांडीत टोचायचं. सहा नंबर जिथे जाऊन बसतो ती जागाच ते इंजेक्शन अडवून धरतं. निरोप सुटतात, पण ऐकणाऱ्यांच्या कानात बोळे. दुसऱ्या महिन्यात ताईचा आंगठा तळव्यापासून सुटला. तिसऱ्या महिन्यात तिने स्वतःची वेणी स्वतः घातली आणि मला लॅबमध्ये फोन करून म्हणाली, "ठके, वेणी घातली गं." एवढंच म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले आणि बाहेर येऊन एका डॉक्टरची नळी परत पाठवली.

तर अशी परिस्थिती. मशीनवरची चादर निघाली, शर्टांचे ढीग परत आले. आणि मे महिन्याच्या एका सोमवारी सकाळी ताईचा फोन आला.

"पोटात दुखतंय. डावीकडे, खाली."

"किती दिवस?"

"दोन."

"ताप?"

"ताप नाही. तुझे भाऊजी म्हणतात गॅस आहे."

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. कोणाचंही काहीही दुखलं तरी त्यांच्या मते गॅस असतो; एकदा माझा पाय मुरगळला होता तेव्हाही म्हणाले होते. त्यांचं ऐकून सोडून देणारी मी नव्हे. आमच्या घराला मीच शिकवलंय की कसं वाटतंय ते सांगत बसू नका, आकडा काढा. माणूस काहीही बोलतो, आकडा बोलत नाही उगाच. भाऊजींना हे फार पटलं होतं. त्यांच्या पाकिटात अख्ख्या कुटुंबाच्या साखरेचे आणि हिमोग्लोबिनचे आकडे लिहिलेला कागद असतो.

कामावर जाता जाता मी ताईकडे गेले. कटिंगच्या टेबलावर तिचा हात ठेवून रक्त काढलं, नळी पर्समध्ये टाकली. ती जरा वाकून चालत होती. मी विचारलं तर म्हणाली, शाळा उघडायच्या आधी अडतीस शर्ट द्यायचेत, चार दिवस मशीनवरून उठले नाहीये, पाठ धरलीय. मला पटलं. मला त्या वेळी काहीही पटलं असतं, आठ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि माझी खिडकी साडेआठला उघडते.

लॅबमध्ये मी नळीवर ताईचं नाव लिहिलं आणि यंत्रात लावली. फॉर्म भरला नाही. सख्ख्या बहिणीला काय फॉर्म लावायचा? तिचं नाव, वय, आजार, सगळं माझ्या डोक्यात होतंच की. औषधाचं नावही होतं, दर आठवड्याला मीच ते फ्रिजमधून काढून तिला टोचते. पण डोक्यात असणं वेगळं आणि डोळ्यांपुढे कागदावर असणं वेगळं. ती ओळ समोर असली की थांबावं लागतं, लिहावं लागतं, लिहिताना वाचावं लागतं. मी थांबले नाही. चौथ्या मिनिटाला आकडा आला. सीआरपी शून्य पूर्णांक चार. पाचच्या खाली असला की नॉर्मल. पांढऱ्या पेशीही मर्यादेत. मी खाली माझी आद्याक्षरं टाकली आणि फोन लावला.

"नॉर्मल आहे," मी म्हणाले. "गॅस असेल. गरम पाणी पी आणि जरा मशीनवरून उठत जा."

मागून भाऊजींचा आवाज आला, "मी म्हटलं नव्हतं?"

सोमवार गेला, मंगळवार गेला. मी फोनही केला नाही. नॉर्मल आहे म्हटल्यावर फोन कशाला करायचा?

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास छोटे डॉक्टर स्वतः नळी घेऊन खाली आले. हे आमच्याकडे नवीन. वयाने लहान, म्हणून छोटे. मोठ्या डॉक्टरांना ते नाव आवडतं, यांना आवडत नाही. फॉर्मवर शेवटची ओळ रिकामी. मी फॉर्म खिडकीतून बाहेर सरकवला.

"बाई, नुसता सीआरपी हवाय," ते म्हणाले. "त्याचा औषधांशी काय संबंध?"

झालं. असा प्रश्न मला कोणी विचारला की मला चेव येतो. मी उठून उभी राहिले. मागे तीन माणसं रांगेत होती, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं. "संबंध काय विचारता? तुम्ही शिकून आलात ना? अहो, सीआरपी काय आकाशातून पडतो का? यकृत बनवतं. कोणाच्या सांगण्यावरून बनवतं? सहा नंबरच्या. आता तुमचा पेशंट जर संधिवाताचं इंजेक्शन घेत असेल, सहा नंबरचा रस्ताच बंद करणारं, तर यकृताला निरोप जाणारच नाही. त्याच्या पोटात घागरभर पू झाला तरी माझं यंत्र शून्य दाखवेल. ताप येणार नाही. पांढऱ्या पेशी वाढतीलच असं नाही. तुम्ही म्हणाल नॉर्मल, आणि पेशंटला घरी..."

पुढचं वाक्य आलंच नाही. मी तशीच उभी राहिले, हात खिडकीच्या चौकटीवर.

"बाई?" छोटे डॉक्टर म्हणाले. "पेशंटला घरी काय?"

मी पर्समधून फोन काढला. ताईचं नाव दोनदा चुकलं.

फोन भाऊजींनी उचलला.

"ताई कशी आहे?"

"छान आहे. नॉर्मल आहे ना."

"भाऊजी, आकडा नका सांगू. ती करतेय काय?"

"खुर्चीत बसल्या बसल्या झोपलीय. आडवं झालं की दुखतं म्हणते. कालपासून जेवली नाहीये. गॅस धरला की भूक मरते."

"तिला घेऊन ताबडतोब हॉस्पिटलला या."

"आता कशाला? रिपोर्ट तर चांगला आलाय. तूच दिलास."

"मी चुकले."

ते म्हणाले, "कोण चुकलं?"

"मी."

"म्हणजे यंत्र चुकलं का?"

"यंत्र बरोबर आहे हो, भाऊजी. मी चुकले. मी."

तीस वर्षांच्या ओळखीत हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं फोनची लाइन खराब आहे. म्हणाले, ती उठली की सांगतो. मी फोन ठेवला, एप्रनसकट बाहेर पडले आणि मिळाली ती गाडी पकडली. खिडकीपुढची रांग तशीच राहिली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

ताई खुर्चीत होती. मांडीवर एक पांढरा शर्ट, सुई त्यातच अडकलेली. चेहरा मेणासारखा झाला होता. मी तिचं मनगट धरलं. नाडी एकशे वीसच्या पुढे पळत होती आणि अंग मात्र गार. ताप असता तर कोणालाही कळलं असतं. मी तिच्या पोटाला हात लावला, नुसता लावला, दाबलाही नाही, तर तिने माझा हात असा झटकला की माझी बांगडी टेबलावर आपटली.

"उठ," मी म्हणाले.

"नाही."

"ताई, पोटात काहीतरी बिघडलंय. इंजेक्शनमुळे ते रक्तात दिसत नाहीये. मला आधी सुचायला हवं होतं, सुचलं नाही. नंतर शिव्या दे. आता उठ."

"तिथे गेलं की पहिलं ते इंजेक्शन बंद करतील."

"करतील. करायलाच हवं. तुझं शरीर जिवाच्या आकांताने ओरडतंय आणि आपण त्याचा आवाज बंद करून ठेवलाय."

"मग राहू दे बंद," ताई म्हणाली. हळूच म्हणाली, भांडायची ताकदच नव्हती तिच्यात. "अकरा वर्षं ओरडतच होतं ना? काय दिलं त्याने मला ओरडून? मला माझे हात हवेत, ठके. आठवडाभर थांब. एवढे शर्ट होऊ देत."

मला इतका संताप आला की काय सांगू. तिच्यावर, शर्टांवर, भाऊजींवर, जे दाराशी उभे राहून पाकिटातला कागद उलगडत होते आणि मला दाखवत होते: हे बघ, शून्य पूर्णांक चार, मी लिहून ठेवलंय. तो कागद मी त्यांच्या हातातून घेतला आणि चुरगळून टाकला. मग मीच रडायला लागले. ताईने मला लहानपणानंतर रडताना पाहिलं नव्हतं. ती खुर्चीच्या हातांना धरून उठायला गेली, अर्धी उठली आणि पुन्हा बसली. तिचे पाय तिला उचलेनात. तेव्हा कुठे घाबरली ती.

भाऊजींनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या.

आता कोणाला वाटेल, मी त्याच हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं काम करते, म्हणजे आम्हाला लगेच आत घेतलं असेल. छे. अपघात विभागातल्या टेबलावरच्या सिस्टरने ताईचं नाव विचारलं, कॉम्प्युटरमध्ये टाकलं, ताप मोजला.

"ताप नाही," ती म्हणाली. "आणि परवाच इथे सीआरपी झालाय, एकदम नॉर्मल. बसा तिकडे, नंबर आला की बोलावते. आधी तापाचे पेशंट आहेत."

"तो आकडा धरू नका," मी म्हणाले.

"का? तुमच्याच लॅबचा आहे. तुमचीच सही दिसतेय खाली."

"माझीच आहे. म्हणूनच सांगतेय, धरू नका."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. तिचं काही चुकत नव्हतं. माझ्या सहीचा रिपोर्ट म्हणजे दगडावरची रेघ, हे मीच या इमारतीत सगळ्यांच्या डोक्यात भरवलेलं. आता मीच उभी राहून म्हणत होते की तो फेका, आणि माझ्या शब्दापेक्षा माझ्या सहीला जास्त वजन होतं. मी सांगत होते, ती ऐकत होती, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत नॉर्मल लिहिलेलं होतं. बाकावर ताई भाऊजींच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून बसली होती.

तेवढ्यात छोटे डॉक्टर आतून आले. दुपारी त्यांची ड्युटी तिथे होती. मला एप्रनमध्ये रडवेल्या तोंडाने बघून थांबले. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "चालू औषधे?"

मी इंजेक्शनचं नाव सांगितलं.

त्यांनी ताईकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे. सकाळी मी न बोललेलं अर्धं वाक्य त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. चांगला मुलगा आहे. स्वतः स्ट्रेचर ओढत आणला, वीस मिनिटांत ताईचं स्कॅन झालं आणि अडीच वाजता तिला ऑपरेशनला आत नेलं.

सर्जन बाहेर आले तेव्हा पावणेसहा झाले होते. मोठ्या आतड्याला भोक पडलं होतं. पोटात पू पसरला होता. तेवढा तुकडा काढला, सगळं धुतलं, शौचासाठी पोटाच्या बाजूला पिशवी लावली. जगेल. हे सगळं ते एका दमात म्हणाले. मग हातमोजे काढता काढता, सहज बोलावं तसं म्हणाले, "दोन दिवस आधी आणलं असतं तर बहुतेक नुसत्या औषधांवर भागलं असतं. आणि ते इंजेक्शन आता विसरा. एकदा आतडं फाटलं की ते पुन्हा देता येत नाही. दुसरं काहीतरी बघतील, पण इतका गुण येईलच असं नाही. तुम्ही इथल्याच आहात ना? तुम्हीच सांगा त्यांना, तुमच्याकडून ऐकलेलं बरं."

दोन दिवस. सोमवार ते बुधवार.

आणि भाऊजी? भाऊजी कॉरिडॉरमध्ये येईल त्याला सांगत होते, "हिने वाचवलं. रिपोर्ट नॉर्मल होता, तरी हिला कळलं. धावत आली." झाडूवाल्या मावशींना सांगितलं, शेजारच्या पेशंटच्या मुलाला सांगितलं, फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. मी एकदा म्हणाले, भाऊजी, पुरे करा, माझ्यामुळे उशीर झालाय. ते म्हणाले, असं मनाला लावून घेऊ नये. मी म्हणाले, मनाला लावून घेण्याचा प्रश्न नाही, खरंच माझ्यामुळे झालाय. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि पुढच्या नातेवाइकाला फोन लावला. मला अशी चीड आली त्या माणसाची, आणि त्यांचे हात इतके कापत होते की नंबर लावायला मलाच मदत करावी लागली.

तिसऱ्या दिवशी ताई नीट शुद्धीवर आली. पहिलं काय केलं असेल? सिस्टरने ड्रेसिंग बदलायला पट्टी काढली तेव्हा मान उचलून पोटावरचे टाके बघितले.

"कोणी घातलेत हे?" ती म्हणाली. "अंतर सारखं नाहीये."

सिस्टर हसली. मला हसू आलं नाही. सिस्टर गेल्यावर मी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगून टाकलं. फॉर्म, शून्य पूर्णांक चार, दोन दिवस, पिशवी कशामुळे लागली ते. काही लपवलं नाही. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, सलाइनच्या थेंबांकडे बघत होते.

ताई ऐकत होती. मग म्हणाली, "नऊ."

"काय नऊ?"

"नऊ दिवस दुखत होतं मला. तुला दोन सांगितले."

मी उभीच राहिले. "नऊ दिवस? आणि मला दोन सांगितलेस?"

"नऊ सांगितले असते तर तू रक्त न काढता थेट इकडे आणलं असतंस. मला नॉर्मल ऐकायचं होतं. तू म्हणालीस, मला बरं वाटलं."

आता या बाईचं काय करायचं, सांगा. मी इकडे तीन दिवस स्वतःला खात बसलेय, न जेवता, न झोपता, आणि ही सात दिवस खिशात घालून बसलेली. मला तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. तिच्या पोटातून नळी निघालेली, नाकात नळी, हलवणार कुठे? मी पुन्हा खाली बसले.

"आणि इंजेक्शन?" तिने विचारलं.

सत्तावीस वर्षं मी लोकांना खिडकीतून आकडे देतेय. कॅन्सरचे दिलेत, नको त्या बातम्यांचे दिलेत, आवाज जरासुद्धा हलला नाही. आता मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"थोडे दिवस नाही, की कधीच नाही?"

"कधीच नाही."

ताईने दोन्ही हात चादरीवर ठेवले. बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली. सगळी दहाही सरळ झाली. ती बराच वेळ तसंच करत राहिली. मला वाटलं आता रडेल, आणि मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. दुसरी औषधं असतात, कोणाकोणाला चांगला गुण येतो, वगैरे.

"अशी किती दिवस राहतील?" तिने विचारलं.

"तीन आठवडे. फार तर चार. मग हळूहळू..."

"मग मशीन इथे आणता येईल का?"

"ताई, तुझं पोट फाडलंय."

"पोटाने शिवते का मी?"

मी तिला म्हणाले, तू वेडी आहेस. म्हणाले, डॉक्टर मला नोकरीवरून काढतील. म्हणाले, मशीन वॉर्डात आणायला मला काय बँडबाजा लावायचाय का? ती म्हणाली, बरं, मशीन नको, काजं तर हाताने करता येतात. मी म्हणाले, अजिबात नाही. आणि संध्याकाळी ड्युटी संपल्यावर तिच्या दुकानात जाऊन सुया, दोरा आणि शर्टांचं गाठोडं घेऊन आले. करता काय.

पाचव्या दिवसापासून ती उशीला टेकून बसायची आणि काजं करायची. दिवसाला एक शर्ट, मग दोन. भाऊजी बाजूला बसून सुईत दोरा ओवायचे, घड्याळाचे काटे बसवण्याचा त्यांचा हात अजून गेलेला नाही. आल्यागेल्याला सांगायचे, "बघा, एकदम नॉर्मल." मी त्यांच्याकडे बघितलं की गप्प व्हायचे. बाराव्या दिवशी तिला घरी सोडलं. सतराव्या दिवशी सकाळी बोटं आखडली आणि दहा वाजता सुटली. ती कोणाला काही बोलली नाही, पण मी तिथेच होते आणि मला घड्याळ बघता येतं.

तेविसाव्या दिवशी मी कामावरून तिच्याकडे गेले तर ती कटिंगच्या टेबलापाशी बसली होती आणि सुई तिच्या चिमटीतून तिसऱ्यांदा खाली पडली होती. मी उचलून दिली. चौथ्यांदा पडली. पाच शर्ट राहिले होते.

तिने सुई माझ्यापुढे सरकवली.

"बस इथे," ती म्हणाली. "मी सांगते तसं कर."

"मला बटण लावता येत नाही, ताई. तुला माहीत आहे."

"बस म्हटलं ना."

मी बसले. टाका कुठून काढायचा, दोरा कसा अडकवायचा, गाठ कुठे बसली पाहिजे, सगळं ती आखडलेल्या बोटाने दाखवत होती आणि मी घालत होते. एक काज करायला मला अर्धा तास लागला. संपल्यावर तिने शर्ट दोन्ही मनगटांत धरून डोळ्यांजवळ नेला, उलटा करून बघितला, परत सुलटा केला.

"उसव," ती म्हणाली.

मी उसवलं आणि पुन्हा घालायला घेतलं.